ढगळ पँट आणि भरलेली लोकल

उंच कमरेची, रुंद पायांची आणि मांडीवर मोठे खिसे असलेली कार्गो पँट गेल्या काही वर्षांत ठाण्याच्या गोखले रोडवर, कल्याणच्या शिवाजी चौकात आणि डोंबिवलीच्या फडके रोडवर सर्रास दिसू लागली आहे. कॉलेजच्या मुली ती घालतात, नोकरीवर जाणाऱ्या बायका घालतात, मुलांच्या अंगावरही तिचेच थोडे वेगळे प्रकार दिसतात. तिच्याविषयी मात्र दोनच मते ऐकू येतात. सध्या चलती आहे म्हणून घ्या, नाहीतर ढगळ आणि बेढब दिसते म्हणून घेऊ नका. दोन्ही मते आरशापुढे उभे राहून बनवलेली आहेत. आरशापुढे ही पँट पाच मिनिटे असते आणि घराबाहेर दहा-बारा तास. त्या तासांत तिला रिक्षात चढायचे असते, जिने उतरायचे असतात, लोकलमध्ये शिरायचे असते आणि चार महिने पाऊस झेलायचा असतो. उंच कंबर, रुंद पाय आणि मांडीवरचा खिसा या तीन गोष्टी एकमेकींवर अवलंबून आहेत. त्यांचा मेळ नीट बसला तर ठाणे ते कल्याण या पट्ट्यातल्या दिवसाला इतका सोयीचा पोशाख क्वचितच सापडेल, आणि मेळ बिघडला तर हीच पँट अडचणीची, कधी धोक्याचीही ठरते. म्हणून ती निवडताना दिसण्याचा विचार शेवटी करावा आणि कामाचा आधी, असे माझे म्हणणे आहे. त्याची कारणे पुढे देतो.

या पँटचा मूळ हेतू कळला की तिची रचना आपोआप उलगडते. १९३०च्या दशकाच्या अखेरीस ब्रिटिश सैन्याने ‘बॅटलड्रेस’ हा नवा गणवेश आणला. त्याच्या पँटवर डाव्या मांडीच्या पुढच्या भागात नकाशा ठेवण्यासाठी एक मोठा खिसा होता. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी छत्रीधारी सैनिकांसाठी विल्यम यारबरो या अधिकाऱ्याने १९४२चा गणवेश आखला आणि त्यात दोन्ही मांड्यांच्या बाजूंना फुगणारे मोठे खिसे दिले. विमानातून उडी मारणाऱ्याच्या पाठीवर छत्री असते, तेव्हा शिधा आणि दारूगोळा ठेवायला अंगावर दुसरी जागा उरत नाही. हे खिसे भरल्यावर दोन अडचणी लगेच पुढे आल्या. कापड फाटू लागले आणि भरलेला खिसा चालताना पायावर आपटू लागला. १९४४च्या नॉर्मंडी मोहिमेआधी या गणवेशांना जाड कॅनव्हासचे जोड लावले गेले आणि खिसा मांडीशी घट्ट राहावा म्हणून पट्टे बांधले गेले, ते यामुळेच. आजच्या पँटवर लोंबणाऱ्या पट्ट्या बहुतेकदा शोभेच्या असतात, पण त्यांच्या मुळाशी हा खराखुरा प्रश्न आहे. मांडीवर वजन ठेवायचे तर कापड दणकट हवे, खिसा हलता कामा नये आणि पँट वर धरून ठेवणारी कंबर भक्कम हवी. नव्वदच्या दशकात हिप-हॉप संगीताबरोबर ही पँट शहरात आली तेव्हा ती कमरेखाली घसरलेली घालत, आणि तिथे खिसे रिकामेच ठेवावे लागत. आताची उंच कंबर हा म्हणूनच नुसता नखरा नाही. खिसा पुन्हा वापरात आणणारी ती दुरुस्ती आहे.

खिशाचे महत्त्व बायकांना वेगळे सांगायला नको. २०१८ साली ‘द पुडिंग’ या अमेरिकी प्रकाशनाने २० ब्रँडच्या जीन्सचे खिसे मोजले. बायकांच्या जीन्सचे पुढचे खिसे पुरुषांच्या खिशांपेक्षा सरासरी ४८ टक्के कमी खोल आणि ६.५ टक्के अरुंद निघाले. आपल्याकडची स्थिती त्याहून बरी नाही. लेगिंग्जला खिसा नसतो, बहुतेक कुर्त्यांना नसतो, आणि असलाच तर त्यात किल्ली जेमतेम मावते. नऊवारी नेसणाऱ्या बायकांना निदान कनवटी होती. हात मोकळे ठेवून चार पैसे सुरक्षित नेण्याची ती सोय होती. आज पैसे, तिकीट आणि ओळखपत्र तिन्ही फोनमध्ये असतात. रिक्षावाल्याला पैसे देताना फोन लागतो, तिकीट तपासनिसाला दाखवायला फोन लागतो, आणि गर्दीत बॅग पोटाशी धरलेली असताना तिची चेन उघडून फोन काढणे ही कसरत असते. एका हाताने दांडी धरून दुसऱ्या हाताने पोहोचता येईल अशा जागी खिसा असणे ही उपनगरातल्या बाईची रोजची गरज आहे. कार्गो पँट ती भागवू शकते. फक्त तिचे खिसे खरे असले पाहिजेत आणि पँट त्यांचे वजन पेलणारी असली पाहिजे.

वजन पेलण्याचे काम कंबर करते, म्हणून निवडीची सुरुवात कमरेपासून करावी. मोठ्या फोनचे वजन २०० ग्रॅमच्या आसपास असते. त्यात किल्ल्या, सुटे पैसे आणि लहानशी पॉवर बँक धरली की अर्धा किलो सहज होतो. पट्टी कमरेखाली बसलेली असेल तर हे वजन तिला प्रत्येक पावलाला खाली ओढते. पट्टी बेंबीच्या पातळीला किंवा किंचित वर, म्हणजे धड सर्वांत निमुळते होते तिथे बसली, की खालची रुंद होत जाणारी हाडे तिला अडवतात आणि पट्टा न आवळता पँट जागेवर राहते. दुकानात नुसत्या ‘हाय वेस्ट’ या चिठ्ठीवर विसंबू नये. दोन पायांच्या शिवणी जिथे मिळतात तिथपासून पुढच्या कमरपट्टीच्या वरच्या कडेपर्यंत टेप लावून पाहावी. मध्यम बांध्याला हे अंतर साधारण ११ ते १२ इंच असले तर कंबर खरोखर उंच आहे. नऊ इंचांवर आले तर ती उंच म्हणवणारी मधली कंबर आहे. मग पँट घालून खुर्चीत बसावे, उकिडवे बसावे आणि एक पाय गुडघ्याच्या उंचीच्या वस्तूवर ठेवून पाहावा, कारण गाडीत चढताना पाऊल असेच उचलावे लागते. बसल्यावर पट्टी पोटात रुतत असेल तर माप लहान आहे. उभे असताना मागच्या बाजूला पट्टी आणि पाठ यांत तीन बोटे शिरत असतील तर माप मोठे नसून पट्टी सरळ कापलेली आहे. नितंब भरलेले आणि कंबर बारीक असलेल्या बायकांना हा त्रास नेहमीचा. त्यासाठी एक माप कमी घेऊ नये. नितंबांना नीट बसणारे माप घ्यावे आणि शिंप्याकडून मागच्या पट्टीत दोन चिमट्या घालून घ्याव्यात. मागे थोडे इलॅस्टिक आणि पुढे सपाट पट्टी असलेली पँट हाही चांगला मार्ग आहे. सगळी कंबर इलॅस्टिकची असेल तर मात्र ती खिशांचे वजन पेलत नाही.

कमरेनंतर कापड. आपला पट्टा कापडाच्या दृष्टीने मोठा जाणता आहे. ठाण्यात १९२५ साली उभ्या राहिलेल्या लोकरीच्या गिरणीतून रेमंड नावारूपाला आली, शहाडला सेंच्युरी रेयॉनमध्ये व्हिस्कोसचा धागा निघतो, भिवंडीचे यंत्रमाग देशाला ठाऊक आहेत आणि उल्हासनगरात जीन्स शिवणारे कारखाने गल्लोगल्ली आहेत. तरीही खरेदी करताना आपण रंग पाहतो आणि आत शिवलेली कापडाची चिठ्ठी वाचत नाही. ती वाचणे का गरजेचे, हे तीन आकड्यांवरून कळते. नेहमीच्या हवेत सुती धागा आपल्या वजनाच्या सुमारे साडेआठ टक्के ओलावा धरून ठेवतो, व्हिस्कोस १२ ते १३ टक्क्यांपर्यंत, आणि पॉलिएस्टर अर्धा टक्काही नाही. म्हणजे मे महिन्यातल्या दुपारी कल्याण स्थानकावर उभे असताना सुती किंवा व्हिस्कोसचे कापड अंगावरचा घाम शोषून घेते, तर निव्वळ पॉलिएस्टरचे कापड तो कातडीवरच ठेवते. उलट पावसाळ्यात हेच गुण अवगुण होतात. पॉलिएस्टर झटकन सुकते आणि सुती कापड दोन दिवस ओलसर राहते. व्हिस्कोसची आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. भिजल्यावर सुती धाग्याची ताकद थोडी वाढते, पण व्हिस्कोसची जवळजवळ निम्म्यावर येते. निव्वळ व्हिस्कोसच्या झुळझुळीत कार्गो पँटचे खिसे पावसात भरलेले असले तर शिवणीजवळ कापड उसवते, त्यामागे हेच कारण असते.

मग घ्यावे काय? वर्षभर वापरायला एकच पँट घ्यायची असेल तर माझे मत सुती-पॉलिएस्टर मिश्र ट्विलच्या बाजूने पडते. त्यात सुताचा वाटा निम्म्याहून जास्त असावा. ट्विल म्हणजे अंगावर बारीक तिरप्या रेघा दिसणारी वीण. ती साध्या विणीपेक्षा दाट बसते, घासणे चांगले सोसते आणि तरीही पायावर सुंदर पडते. कापडाचे वजन एका चौरस मीटरला किती ग्रॅम, यावर बाकीचे ठरते. सदऱ्याचे कापड १०० ते १५० ग्रॅमचे असते. जाड, १४ औंसांची जीन्स पावणेपाचशे ग्रॅमच्या घरात जाते. कार्गोसाठी २०० ते २४० ग्रॅमचे कापड आपल्याकडे योग्य. त्याहून फार हलके घेतले तर खिसा भरताच मांडीवरचे कापड ओढले जाते आणि पाय वाकडा पडतो. फार जड घेतले तर रुंद पायांत जाणाऱ्या कापडाचेच ओझे होते. दुकानात वजनकाटा नसतो, पण हात असतो. मांडीजवळचे कापड मुठीत दहा सेकंद घट्ट दाबून सोडावे. सुरकुत्या तशाच राहिल्या तर प्रवासात ती चुरगळणार. मग कापड उजेडासमोर धरावे; आतला हात स्पष्ट दिसत असेल तर ते खिशाचे कापड नव्हे. शेवटी बाजूची शिवण दोन्ही हातांनी आडवी ताणून पाहावी. टाके वेगळे होऊन फटी दिसल्या तर रंग कितीही आवडलेला असो, पँट परत घडीत ठेवावी. काही पँट्सच्या कापडात चौकटी दिसतात, ठरावीक अंतरावर जाडसर धागा विणलेला असतो. ही रिपस्टॉप वीण. एका जागी फाटले तरी फाटणे पुढे सरकत नाही. पावसाळ्यासाठी दुसरी पँट घ्यायची झाली तर हलक्या रिपस्टॉपची घ्यावी.

खिसा पाहताना तो उलटा करावा, कारण त्याचे खरे रूप आतून कळते. खिशाच्या तोंडाच्या दोन्ही टोकांना अर्ध्या इंचाचा, एकमेकांना चिकटलेल्या टाक्यांचा जाड पट्टा दिसला पाहिजे. कारखान्यात त्याला बारटॅक म्हणतात. खिशात हात घातला की सगळा ताण याच दोन टोकांवर येतो. तिथे साधी टीप मारलेली असेल तर काही महिन्यांत खिसा कोपऱ्यातून सुटतो. दुसरी गोष्ट जागेची. हात सरळ खाली सोडल्यावर खिशाचे तोंड मनगटाच्या आणि बोटांच्या टोकांच्या मधोमध यावे. त्याहून खाली, गुडघ्याजवळ गेलेला खिसा वाकल्याशिवाय हाती लागत नाही आणि भरल्यावर गुडघ्यावर आपटत राहतो. तिसरी गोष्ट फुगवट्याची. बाजूला चुणी असलेला फुगीर खिसा पाहायला रुबाबदार असला तरी लोकलमध्ये तिघांच्या बाकावर चौथी सीट मिळते तेव्हा तो शेजारणीच्या मांडीत घुसतो. सपाट खिशाला आत एकच मोठी चुणी असेल तर तो रिकामा असताना पायाशी चिकटून राहतो आणि लागेल तेव्हा उघडतो. झाकणाला बटण की वेल्क्रो, हा प्रश्न गौण वाटतो, पण तसा नाही. वेल्क्रोचा आवाज होतो, म्हणून दुसऱ्याचा हात गेला तर कळण्याची थोडी शक्यता असते; मात्र ते ओढणीला, स्वेटरला आणि धुताना इतर कपड्यांना चिकटते. दाबून लागणारे धातूचे बटण मला अधिक पसंत आहे. तरीही गर्दीत मांडीवरचा खिसा डोळ्यांआड असतो, हे विसरून चालत नाही. फोन आणि पैसे कमरेजवळच्या पुढच्या खोल खिशात ठेवावेत. मांडीच्या खिशात रुमाल, छोटी छत्री, इअरफोन, गोळ्यांची पट्टी अशा वस्तू. पाकीटमारीच्या भीतीने कार्गो टाळण्यापेक्षा ही वाटणी पाळणे शहाणपणाचे.

या पँटचा खरा निकाल लागतो तो मोहरीशी, म्हणजे पायाच्या खालच्या कडेशी. बाजारात येणारी बहुतेक रुंद पँट जमिनीला टेकेल इतकी लांब असते. दुकानाच्या फरशीवर ती सुरेख पडते, पण आपला दिवस फरशीवर जात नाही. ठाण्यासारख्या स्थानकांवर सरकते जिने आहेत आणि त्यांच्या पायऱ्या वर दातेरी पट्टीखाली शिरतात; सैल कापड तिथे ओढले जाऊ शकते. फलाट आणि डबा यांत फट असते, मागून लोक ढकलत असतात, आणि स्वतःच्याच मोहरीवर पाय पडायला तेवढे पुरते. दुचाकीच्या मागच्या चाकात कपडा अडकण्याचा धोका इतका खरा आहे की १९८९च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १२३व्या नियमाने मागे बसणाऱ्याच्या कपड्यांसाठी मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारे आवरण बंधनकारक केले. लोक त्याला साडी गार्ड म्हणतात आणि बरेच जण नव्या गाडीवरून ते काढून टाकतात. बावीस-चोवीस इंच घेराची मोहरी चाकाच्या बाबतीत साडीच्या पदराहून फार निराळी नाही. शिवाय पाऊस. ठाणे जिल्ह्यात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. सुती कापडाची कड साचलेल्या पाण्याला टेकली की धाग्यांमधल्या बारीक पोकळ्यांतून पाणी वर चढत जाते. पाऊल पाण्याबाहेर काढले तरी ते पोटरीपर्यंत येते, आणि रस्त्यावरचे ते पाणी गटाराचेही असते. म्हणून माझा ठाम आग्रह आहे की नेहमी वापरायची चप्पल किंवा बूट घालून उभे राहावे आणि मोहरी जमिनीपासून दीड ते दोन इंच वर येईल इतकी पँट कमी करून घ्यावी. टाच बदलली की माप बदलते, तेव्हा उंच टाच घालून माप देऊ नये. कमी करण्याआधी पँट एकदा धुऊन वाळवावी. सुती कापड पहिल्या धुण्यात तीन टक्के आटले तरी ४० इंच लांबीत सव्वा इंचाचा फरक पडतो, आणि आधी कापलेली पँट मग घोट्याच्या वर जाते. मोहरीत नाडी असेल तर ती काढू नये; भर पावसाच्या दिवशी नाडी आवळून पाय घोट्याच्या वर घेता येतो.

यावर सौंदर्याच्या बाजूने हरकत येते. मोहरी वर घेतली की पँटचा झोक जातो, आणि बुटक्या मुलींना तर रुंद पाय शोभतच नाहीत, असे म्हणतात. पहिल्या भागात थोडे तथ्य आहे. जमिनीला टेकणारे कापड पायांची रेघ लांब दाखवते. पण ती रेघ खालूनच लांबवावी असे नाही. उंच कंबर तेच काम वरून करते. सदरा किंवा टी-शर्ट आत खोचला, अथवा कमरपट्टीशी संपणारा आखूड टॉप घातला, की पाय जिथे सुरू होतात ती जागा वर सरकते आणि दोन इंचांची कमतरता भरून निघते. ढगळ पँटवर ढगळ आणि लांब टी-शर्ट घातला की कंबर हरवते आणि बांधा चौकोनी दिसतो. बुटक्या मुलींची तक्रार बहुधा या जोडीबद्दल असते, पँटबद्दल नसते. उंची कमी असेल तर पायाचा घेर मध्यम घ्यावा, खिसे पँटच्याच रंगाचे आणि सपाट असावेत, आणि टॉपचा रंग पँटच्या जवळचा निवडावा. नितंब भरलेले असतील तर खिसा मांडीच्या सर्वांत रुंद भागावर न येता किंचित खाली यावा. सलवारीवर शोभणारा, गुडघ्यापर्यंतचा कुर्ता या पँटवर खिशांवर अडकून फुगतो. बाजूला उंच चिरा असलेली आखूड कुर्ती तिच्यावर छान बसते. पायात पावसाळ्याखेरीज कोल्हापुरी चालते, पावसाळ्यात न भिजणारा, पकड असलेला जाड तळाचा सँडल हवा.

ऑफिसात ही पँट चालेल का, हा पुढचा प्रश्न, आणि त्याचे सरसकट उत्तर नाही. शाळा, बँक, न्यायालय अशा ठिकाणी पोशाखाचे संकेत असतात आणि ते धाब्यावर बसवायला मी सांगणार नाही. पण कार्गोतही प्रकार असतात. काळ्या, गडद निळ्या किंवा करड्या ट्विलची, सपाट खिशांची, लोंबत्या पट्ट्या नसलेली, समोर इस्त्रीची घडी असलेली पँट आणि खोचलेला सुती शर्ट ही जोडी नीटनेटकी दिसते. सहा खिसे, साखळ्या आणि फिकट केलेले डाग असलेली पँट सहलीसाठी ठेवावी. सणांचेही तसेच. दिवाळीच्या पहाटे किंवा पाडव्याच्या स्वागतयात्रेला फडके रोडवर नऊवारी आणि पैठणी मिरवतात, ती त्यांचीच जागा आहे. त्या यात्रेत ढोल वाजवणाऱ्या, ध्वज नाचवणाऱ्या आणि पाण्याच्या बाटल्या वाटत धावणाऱ्या मुलींना मात्र मोकळा पाय आणि भक्कम खिसा लागतो, आणि आखूड कुर्त्याखाली गडद कार्गो तिथे मुळीच विसंगत ठरत नाही.

सर्वांत वजनदार हरकत वेगळीच आहे. मोकळ्या पायाचा पोशाख आपल्याकडे नवा नाही. सलवार आहे, पलाझो आहे, त्यांनाच खिसे लावून घ्यावेत, ही महागडी पँट कशाला? ही हरकत मला पटण्याजोगी वाटते आणि उन्हाळ्यापुरती ती खरीही आहे. पाय आणि कापड यांत हवा खेळती ठेवणे हा रुंद पायाचा मुख्य लाभ पातळ सुती पलाझोत पुरेपूर मिळतो. पण खिसा लावल्यावर पलाझोचे काय होते, ते पाहावे. तिचे कापड हलके आणि कंबर नाडीची किंवा इलॅस्टिकची, म्हणून फोन ठेवताच एक बाजू खाली येते आणि शिवण ताणली जाते. तिला जाड कापड दिले, कमरपट्टी पक्की केली आणि खिशाच्या टोकांना मजबुती दिली की जे तयार होते ते नाव वगळता कार्गोच असते. तेव्हा ज्यांच्याकडे चांगला शिंपी आहे त्यांनी दुकानातून तयार पँट घेण्याऐवजी ट्विलचे कापड आणून आपल्या मापाची शिवून घ्यावी. त्यात कंबर, खिशाची जागा आणि लांबी तिन्ही पहिल्यापासूनच बरोबर येतात.

निगा राखताना या पँटचा एक स्वभाव लक्षात ठेवायचा. तिच्यात एकाच जागी कापडाचे तीन-चार थर असतात: पाय, खिसा, चुणी, झाकण. बाकीची पँट सुकली तरी हे थर आत ओलेच राहतात. जुलैच्या दमट हवेत कुबट वास आणि काळे ठिपके पहिल्यांदा तिथेच येतात. धुण्याआधी प्रत्येक खिसा हात घालून रिकामा करावा, चेन आणि वेल्क्रो बंद करावेत आणि पँट उलटी करावी, म्हणजे रंग बाहेरच्या बाजूने घासला जात नाही. गडद पँट पहिले दोन-तीन वेळा वेगळी, साध्या थंड पाण्यात धुवावी. पावसात चिखल लागला तर तो सुकू द्यावा, ब्रशने झाडावा आणि मगच भिजवावे. ओला चिखल चोळला की तो विणीत शिरतो. साचलेल्या पाण्यातून चालून आल्यावर मात्र त्याच दिवशी साबणाने धुवावी, कारण अशा पाण्यातून लेप्टोस्पायरोसिससारख्या रोगाचे जंतू येतात. बोअरवेलचे किंवा टँकरचे जड पाणी असेल तर एकदा जास्त खळबळावे; नाहीतर साबणाचे कण राहून कापड कडक आणि पांढुरके होते. वाळत घालताना ती उलटीच, कमरपट्टीला चिमटे लावून टांगावी आणि खिशांच्या पिशव्या बाहेर ओढून मोकळ्या सोडाव्यात. पावसाळ्यात बाल्कनीपेक्षा पंख्याखाली रात्रभर टांगलेली पँट लवकर सुकते. किंचित दमट असतानाच खिशांवर आतून इस्त्री फिरवली तर झाकणे वळत नाहीत आणि आतला ओलावाही जातो. व्हिस्कोस असेल तर भिजलेले असताना पिळू नये. इतके केले तर चांगल्या ट्विलची पँट पाच-सहा वर्षे सहज टिकावी.

किमतीचा विचार करताना दुकानातल्या चिठ्ठीपलीकडेही थोडे पाहायला हवे. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांच्या छावणीतून उभ्या राहिलेल्या आणि १९४९ साली नाव मिळालेल्या उल्हासनगराने शिवणकामात मोठे नाव कमावले. गजानन मार्केट, जपानी बाजार इथे आजही ठाण्यापासून कर्जतपर्यंतची माणसे खरेदीला येतात. पण याच शहरात जीन्स फिकट करण्यासाठी, मुद्दाम जुनी दिसावी म्हणून धुण्याचे कारखाने होते आणि त्यांचे निळे, रसायनमिश्रित पाणी वालधुनी नदीत जात असे. वनशक्ती या संस्थेने नद्यांच्या प्रदूषणाचा प्रश्न हरित लवादाकडे नेला, तो पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला आणि उल्हासनगरातले धुलाई कारखाने बंद करावे लागले. पाच हजार रुपयांची असो वा पाचशेची, विरलेला आणि फिकटलेला देखावा असलेली पँट तयार होताना पाणी आणि रसायने जास्त लागतात, शिवाय तिचे कापड घरी येण्याआधीच झिजलेले असते. एकसारख्या रंगाची, कोरी पँट घेणे नदीच्या भल्याचे आहे आणि पँटच्याही. स्वस्तात तीन घेण्यापेक्षा त्याच पैशांत एक नीट शिवलेली घ्यावी, हे सांगताना माझ्या डोळ्यांसमोर काटकसरीइतकीच वालधुनीही असते.

कंबर वजन पेलते का, कापड आपल्या ऋतूंना चालते का, खिसा खरा आहे का आणि मोहरी जमिनीपासून वर आहे का, हे चार प्रश्न दुकानात विचारायला लाज वाटण्याचे कारण नाही. ते विचारले गेले तर विकणाराही बदलतो. आज आपल्याकडे येणारी पँट कुठल्यातरी थंड देशातल्या, मोटारीतून फिरणाऱ्या बाईच्या मापाने आखलेली असते, आणि ती शिवू शकणारे कारागीर मात्र कल्याणच्या शेजारी उल्हासनगरात बसलेले आहेत. दोन इंच आखूड, २२० ग्रॅमच्या मिश्र ट्विलची, सपाट पण खोल खिशांची आणि मोहरीत नाडी असलेली पँट त्यांना शिवता येणार नाही असे काही नाही. तशी कोणी मागितलेली नाही, एवढेच. रोज लोकलने जाणाऱ्या हजारो बायकांनी ती मागायला सुरुवात करावी. आपल्या प्रवासाला कोणता कपडा योग्य, हे त्यांच्याइतके दुसऱ्या कोणाला कळत नाही.